भाडेकरूसकट घर विकताना: जर्मनीतला हिशेब

जर्मनीत भाड्याने दिलेला फ्लॅट विकला, तरी भाडेकरूला उठावं लागत नाही. नागरी कायद्याच्या कलम 566 प्रमाणे त्याचा करार जुन्याच भाड्यासकट नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. अकरा महिने संपू द्यायचे, करार वाढवायचा नाही आणि रिकामा फ्लॅट विकायचा, हे गणित डोक्यात घेऊन इथे घर घेणाऱ्या आपल्या लोकांना हा मालकावरचा अन्याय वाटतो. त्यांचंही चुकत नाही. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईत भाडी गोठली आणि पिढ्यान्‌पिढ्या घरं अडकली. भाडेकरू कायमचा बसेल ही धास्ती त्यातूनच आली. पण इथले बहुतेक करार बेमुदत, थांबलं तरी संपत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा होतो. नोटरीसमोर सह्या झाल्या, पैसे पोचले, भाडंही खरेदीदाराच्या खात्यात येऊ लागलं, तरी ग्रुंडबुखात, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी नोंदवहीत, नाव चढेपर्यंत कायद्याने घरमालक जुनाच. त्यात कित्येक आठवडे, कधी महिने जातात. ‘मला स्वतःला राहायचंय’ म्हणून खरेदीदाराने या काळात स्वतःच्या नावाने दिलेली नोटीस फुकट जाते. नाव चढल्यावर नवी द्यावी लागते. खरेदीदाराची गरज पुढे करून विकणाऱ्यालाही नोटीस देता येत नाही. नोटीस कागदावर, पेनाने सही केलेली आणि कारण लिहिलेली हवी. ईमेल चालत नाही. महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत ती भाडेकरूला मिळाली तरच तो महिना धरतात. मुदत 3 महिने, भाडेकरू राहायला येऊन 5 वर्षं झाली असतील तर 6, आणि 8 वर्षं झाली असतील तर 9. वर म्हातारपण किंवा गंभीर आजाराचं कारण देऊन तो हरकत घेऊ शकतो, आणि मला हे योग्यच वाटतं.

भाडेकरू राहत असताना इमारतीचे कागदोपत्री स्वतंत्र फ्लॅट झाले असतील, तर पहिल्या विक्रीत खरेदीचा पहिला हक्क त्याचा (मालकाने घरच्याच माणसाला विकला तर नाही). कळवल्यापासून त्याला 2 महिने मिळतात. त्याने नाही घेतला, तरी नव्या मालकाला स्वतःच्या गरजेसाठी 3 वर्षं नोटीस देता येत नाही. बर्लिन आणि म्युनिकमध्ये 10 वर्षं. हे न विचारता घेतलेला फ्लॅट राहायला मिळेल या आशेवर बसू नये.

म्हणूनच भाडेकरू असलेला फ्लॅट बहुधा रिकाम्यापेक्षा स्वस्त जातो. तो फरक मोजून काही मालक भाडेकरूला रक्कम देऊन लेखी तडजोडीने घर रिकामं करून घेतात. हा रस्ता सरळ आहे. फक्त तो ‘नाही’ म्हणाला तर विषय तिथेच संपतो.

घर दाखवायला भाडेकरूला आधी कळवून वेळ ठरवावी लागते, आणि त्याच्या सामानासकट खोल्यांचे फोटो जाहिरातीत टाकायचे तर त्याची परवानगी हवी.

डिपॉझिट मात्र विसरू नका. ते जास्तीत जास्त 3 महिन्यांचं मूळ भाडं असतं, म्हणजे 1000 युरो भाड्याला 3000. ते खरेदीदाराकडे सोपवलं, तरी पुढे त्याच्याकडून भाडेकरूला वसूल झालं नाही तर जुना मालकच देणं लागतो. ते सोपवायला भाडेकरूची लेखी संमती आणि जुन्या मालकाची जबाबदारी संपल्याचं भाडेकरूचंच पत्र, दोन्ही विक्रीच्या कागदांसोबतच घ्या.