एका दमात रिव्हर्स

लासलगावहून कांदा भरून निघालो, कसारा घाटात पावसाने गाठलं. खालच्या गिअरवर सावकाश उतरलो. मुंब्रा बायपासला नेहमीचंच ट्रॅफिक, त्यावर काय बोलायचं! पहाटे 4 ला वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात.

गाळ्यासमोर दोन गाड्या तिरक्या उभ्या, मधे जेमतेम जागा. क्लीनर मागून ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडतोय. आरशात बघत एका दमात लावली, दोन्हीकडे वीतभर अंतर. पाठीवर गोणी घेतलेले एक माथाडी मामा तसेच थांबले. म्हणाले, "हात बसलाय रे तुझा."

22 वर्षं झाली स्टिअरिंगला, मामा!

ताडपत्री सोडली. एकही गोणी भिजली नव्हती. लेकीला लगेच फोटो पाठवला, तर म्हणते, "बाबा, नुसता टायर दिसतोय."