पायवाट सांभाळणाऱ्या संस्थेत अध्यक्ष बदलतो तेव्हा

वार्षिक सभा होते, हात वर होतात, नवा अध्यक्ष निवडला जातो आणि इतिवृत्तात दोन ओळी पडतात. सूत्रं खरंच हातात आली की नाही, हे कळायला मात्र चार-सहा महिने जातात. बँकेचा ओटीपी जुन्या अध्यक्षांच्या फोनवर जातो आणि ते रेंजबाहेर असतात. संकेतस्थळ एका सकाळी बंद पडतं, कारण नूतनीकरणाच्या मेल कुणाच्या तरी खासगी पत्त्यावर जात होत्या. आणि वाटेवरच्या एखाद्या फाटकाला नवं कुलूप दिसतं, कारण जमीनमालकाला दिलेला शब्द नव्या मंडळींपैकी कुणालाच ठाऊक नव्हता.

पहिल्या दोन भानगडी डोकेदुखीच्या, पण निस्तरता येतात. तिसरीने वाट तुटते. तरीही बहुतेक संस्था हस्तांतराचा सगळा वेळ बँकेत घालवतात आणि परवानग्यांचा विषय "ते सगळं त्यांना माहीत आहे" या एका वाक्यावर सोडतात. त्यातले "ते" म्हणजे नेमके पायउतार होणारे अध्यक्ष.

आधी वेळापत्रक. पायवाटेचं काम ऋतूवर चालतं. पावसाच्या तोंडावर चर मोकळे करायचे असतात, पाऊस ओसरला की झाडोरा कापायचा आणि धसलेल्या कडा बांधायच्या असतात. नेतृत्वबदल या दोन्हींच्या मधल्या निवांत काळात ठेवावा आणि सर्वसाधारण सभेची तारीख त्यावरून ठरवावी. तिथून उलटं मोजत या. सहा महिने आधी कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला विचारायचं की पुढे राहणार का, आणि उत्तर लेखी घ्यायचं. पाच महिने आधी तिघांची निवड समिती. विद्यमान अध्यक्षाने या समितीत बसू नये. १८७६ साली पहिल्यांदा छापल्या गेलेल्या 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर' या सभानियमांच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या आजच्या आवृत्तीतही हीच शिफारस आहे. कारण उघड आहे: अध्यक्ष आपल्यासारखाच माणूस शोधतो, किंवा आपल्याला परत बोलावतील असाच शोधतो. तीन महिने आधी उमेदवार ठरलेला हवा. म्हणजे तो सभेआधीच बैठकांना बसतो, हिशेब पाहतो आणि नको वाटलं तर वेळेत नाही म्हणू शकतो.

उमेदवाराला "फारसं काम नसतं" असं सांगून बोहल्यावर चढवू नये. कामाचा कागद द्यावा: महिन्याला एक बैठक, तिच्याआधी विषयपत्रिकेची एक संध्याकाळ, महिन्यातून किमान एक श्रमदान, वर्षातून एकदा प्रत्येक जमीनमालकाची भेट, आणि आठवड्याला मेल-फोनचे तीन-चार तास. हा कागद वाचून जो पळतो तो सहा महिन्यांनी पळालाच असता.

मुदतींची रचना हा कंटाळवाणा पण निर्णायक भाग. नऊ जणांची कार्यकारिणी आणि तीन वर्षांची मुदत असेल, तर दरवर्षी तिघंच बदलायला हवेत. नव्या संस्थेत पहिल्यांदा चिठ्ठ्या टाकून तिघांना एक वर्ष, तिघांना दोन आणि तिघांना तीन वर्षं द्यायची. पुढे ही साखळी एकाच ठिकाणी तुटते. कुणी मध्येच राजीनामा देतो, त्याच्या जागी आलेल्याला उत्साहाच्या भरात पूर्ण तीन वर्षं दिली जातात, असं तीनदा झालं की एकाच वर्षी सहा जणांची मुदत संपते. म्हणून नियमावलीत स्पष्ट लिहावं: रिकाम्या जागेवर आलेला सदस्य उरलेल्या मुदतीपुरताच. दुसरं कलम: अध्यक्ष आणि खजिनदार एकाच वर्षी बदलायचे नाहीत. तिसरं पद सहसा कागदावर नसतं, पण जपायचं तेच जास्त, ते म्हणजे श्रमदान चालवणारा कामप्रमुख. अध्यक्ष आणि कामप्रमुख एकदम गेले तर एका हंगामाचं काम बुडालं म्हणून समजा.

लागोपाठ दोन मुदतींनंतर सक्तीची सुट्टी असावी का, यावर वाद आहेत. अमेरिकेतल्या ॲपलाचियन ट्रेलचं उदाहरण दोन्ही बाजू देतात. बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये कल्पना मांडली, १९२५ मध्ये संस्था उभी राहिली, आणि १९३१ पासून मायरन एव्हरी तब्बल २१ वर्षं अध्यक्ष होते. १९३७ मध्ये वाट सलग पूर्ण झाली ती त्यांच्याच चिकाटीवर. पण याच काळात मकाय आणि एव्हरी यांचं डोंगरमाथ्यावरच्या मोटार रस्त्यावरून इतकं बिनसलं की कल्पना मांडणारा माणूसच संस्थेच्या कामातून बाजूला झाला. १९५२ मध्ये एव्हरींनी पद सोडलं आणि त्याच वर्षी त्यांचं निधन झालं, म्हणजे मागे वळून विचारायलाही कुणी उरलं नाही. तरी वाट टिकली. माझ्या मते याचं श्रेय अध्यक्षांपेक्षा रचनेला जातं: एकेका क्लबकडे एकेक टप्पा नेमून दिलेला होता, आणि आजही तीसेक क्लब आपापला टप्पा सांभाळतात. वर कुणीही बसो, खाली कुठला टप्पा कुणाचा हे ठरलेलं. छोट्या संस्थेनेही बारा किलोमीटरची वाट असेल तर तिचे चार-पाच टप्पे करून प्रत्येकाला पालक नेमावा. मुदतीच्या मर्यादेपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

आता परवानग्या. प्रत्येक जमिनीसाठी एक नोंद हवी: टप्पा कुठून कुठपर्यंत, मालक कोण, परवानगी तोंडी की लेखी, मुदत कधी संपते, त्यांच्या अटी काय, आपण काय कबूल केलंय, आणि त्यांच्याशी आपल्याकडून कोण बोलतं. शेवटचे दोन रकानेच सहसा कोरे असतात. "गुरं सोडलेली असतील तेव्हा फाटक लावून घेऊ", "दरवर्षी कुंपणाचे चार खांब बदलून देऊ", "मोठ्या गटाआधी फोन करू" असे शब्द वर्षानुवर्षं एकाच माणसाच्या डोक्यात असतात. तोंडी परवानगी ही बहुतेक ठिकाणी मालकाच्या मर्जीवरची सवलत असते. तो ती कधीही मागे घेऊ शकतो, आणि जमीन विकली गेली तर नव्या मालकावर ती सहसा बंधनकारक नसते. लेखी करार असेल तर तो संस्थेच्या नावाने आहे ना, हे पाहून घ्या. अध्यक्षाच्या वैयक्तिक नावाने केलेले करार वाटतात त्यापेक्षा जास्त सापडतात.

म्हणून मावळत्या अध्यक्षाने नव्याला घेऊन प्रत्येक मालकाच्या दारात जायचं. तोंडी परवानगीवाले आधी, लेखीवाले नंतर, सरकारी खातं शेवटी. भेटीत नवीन काही मागायचं नाही. "यापुढे हे भेटतील, आपलं ठरलेलं सगळं तसंच राहील" एवढंच सांगायचं, आणि आठवडाभरात तेच पत्राने कळवायचं. मालकाने गप्पांच्या ओघात जी तक्रार केली असेल, ती नव्या अध्यक्षाची पहिली कामगिरी. ती लगेच निकालात काढली की पुढची पाच वर्षं सोपी जातात.

दुसरा दिवस वाटेवर. एका टोकाला शून्य धरून मोजचाक किंवा जीपीएस घेऊन चालायचं आणि दरवर्षी त्रास देणारी प्रत्येक जागा लिहायची. पावसात चालता आलं तर उत्तम, कारण पाणी कुठून येतं हे कोरड्या दिवशी दिसत नाही. नोंद अशी हवी: "२.३४ किमी. वरच्या अंगाने पाझर. बाहेरच्या कडेला वरंबा साचून पाणी वाटेवरून ३० मीटर वाहतं. वर्षातून दोनदा वरंबा काढणे, तीन मीटर रुंद उतरतं तोंड करणे. चार माणसं, दोन तास. खडी टाकू नये, दोनदा वाहून गेली आहे."

शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. डोंगरउतारावरची वाट बाहेरच्या बाजूला ३ ते ५ टक्के झुकलेली ठेवतात, म्हणजे एक मीटर रुंदीत बाहेरची कड तीन-पाच सेंटीमीटर खाली. पाणी वाट आडवी ओलांडून निघून जातं. चालणाऱ्यांच्या पायांनी मधला भाग दबतो, सुटी माती कडेला ढकलली जाऊन वरंबा होतो, आणि पाणी अडून वाटेच्या लांबीने धावायला लागतं. हे ठाऊक नसलेला उत्साही नवा अध्यक्ष चिखल पाहतो आणि खडीची गाडी मागवतो. दोष मातीचा नसून पाण्याला वाट न मिळण्याचा असतो, त्यामुळे खडीही पुढच्या पावसात खाली जाते. नवा फाटा काढायची हौसही अशीच. वाटेचा चढ डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको आणि सरासरी १० टक्क्यांच्या आत हवा. १६ टक्के उताराच्या सौम्य माळावर ९-१० टक्क्यांची वाटही ओहोळच होते. हे नियम पालकांना माहीत असतात. अध्यक्षाने पहिलं वर्ष नवीन वाट काढू नये, असा ठरावच केला तर बरं.

लाकडी साकव असतील तर प्रत्येकाची बांधल्याची आणि शेवटच्या तपासणीची तारीख लिहा. तुळया जिथे मातीला टेकतात तिथे कुजतात. तिथे स्क्रूड्रायव्हर रुतला तर साकव बंद करायचा, "पुढच्या बैठकीत बघू" म्हणायचं नाही.

पैशांचं आणि पासवर्डचं काम त्यामानाने सरळ, फक्त क्रम चुकवू नये. सभेच्याच दिवशी ठराव करा: कुणाची सही रद्द, कुणाची सुरू, कुठल्या खात्यासाठी, कोणत्या तारखेपासून, पूर्ण नावांसह. "नव्या पदाधिकाऱ्यांना अधिकार देण्यात येत आहेत" असा मोघम ठराव बँक परत करते. नव्या सह्या लागू झाल्याचं बँकेकडून लेखी येईपर्यंत जुने सहीवाले राहतात. या मधल्या काळासाठी कोरे चेक सही करून ठेवण्याची युक्ती कुणीतरी सुचवेलच, ती साफ नाकारा. दोन सह्या एकाच घरातल्या नकोत. खात्यातून किंवा कुणाच्या कार्डावरून आपोआप जाणारे हप्ते (विमा, डोमेन, नकाशाचं ॲप) शोधायला मागच्या तेरा महिन्यांचं विवरण चाळा. बारा पाहिले तर एखादा वार्षिक हप्ता दोन-चार दिवसांनी मागेपुढे होऊन निसटतो.

डिजिटल खात्यांसाठी दोघांनी आपापले फोन घेऊन एकदा शेजारी बसायचं. आधी संस्थेचा मूळ ईमेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड तिथूनच बदलतात. मग डोमेन, देणग्यांचं पान, नकाशे, समाजमाध्यमं. प्रत्येक ठिकाणी आधी नव्याला मालक म्हणून जोडा, त्याने आत जाऊन दाखवावं, मगच जुन्याला काढा. उलट केलं की दोघंही बाहेर राहतात. पत्ते पदाच्या नावाचे असावेत, माणसाच्या नाही. विमा कंपनीला पदाधिकारी बदलल्याचं कळवा, आणि यांत्रिक करवत चालवणाऱ्यांच्या व प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्रांच्या तारखा त्याच बैठकीत तपासा. मुदत संपलेल्या माणसाच्या हातात करवत असताना अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो.

बातमी सांगण्याचाही क्रम आहे: आधी कामप्रमुख आणि टप्प्यांचे पालक, मग जमीनमालक, मग सदस्य, शेवटी जाहीर. सगळं दोन दिवसांत. व्हॉट्सॲपवर कळलेला पालक मनातून निवृत्त होतो आणि राजीनामाही देत नाही.

मावळत्या अध्यक्षाचं काय करायचं? सहा महिने मताचा अधिकार नसलेला सल्लागार, नंतर काही नाही. या काळात लोक सवयीने त्यालाच फोन करतील. उत्तर माहीत असलं तरी त्याने नव्याचा नंबर द्यायचा. हे पहिल्या महिन्यात पाळलं नाही तर संस्थेला दोन अध्यक्ष मिळतात, एक खुर्चीवरचा आणि एक फोनवरचा, आणि नवा माणूस वर्षभरात कंटाळून जातो. संस्थापकच पायउतार होत असेल तर त्याला एखादा टप्पा पालक म्हणून द्यावा. हाताला काम राहतं आणि ढवळाढवळ कमी होते.

कुणीच तयार नसेल तर? पद फोडा. बाहेरच्या भेटीगाठी एकाकडे, बैठका आणि कागद दुसऱ्याकडे, पण सह-अध्यक्षांपैकी तिढ्याच्या वेळी अंतिम शब्द कुणाचा हे आधी लिहून ठेवा. तेही जमत नसेल तर रेटून नेऊ नका. अमेरिकेतली काँटिनेंटल डिव्हाइड ट्रेल अलायन्स २०१२ मध्ये बंद झाली, आणि त्याच वर्षी कोअलिशन नावाने नवी संस्था उभी राहून तिने त्या वाटेचं काम हाती घेतलं. संस्था मिटवायची वेळ आली तर हत्यारं, नकाशे, परवानग्यांची नोंद आणि शिल्लक कुणाकडे जाईल, हे कलम नियमावलीत असलं पाहिजे. ते घालायला सगळं सुरळीत चालू असतानाची सभा बरी, कारण शेवटच्या सभेला गणपूर्ती होत नाही.

तिसऱ्या महिन्यात एक तपासणी करा. खजिनदाराने जुन्या अध्यक्षांना न विचारता एक बिल भरावं, सचिवाने डोमेनच्या खात्यात शिरून मुदतीची तारीख वाचावी, कामप्रमुखाने हत्यारांच्या खोलीचं कुलूप स्वतःच्या किल्लीने उघडून कुदळी, पहारी, करवती यादीशी ताडून पाहाव्यात. एखादी पहार हमखास कमी भरते. ती बहुतेक जुन्या अध्यक्षांच्या गॅरेजमध्ये असते.