तरसाचं हसू उलटं बसवताना : बिल्ड 9

मी एक गेम बनवतेय, त्यात तरसं आहेत, आणि प्रत्येक बिल्डची (चालत्या आवृत्तीची) नोंद इथे ठेवते. गेल्या नोंदीत माझं तरस कुत्र्यासारखं धावत होतं. ते निस्तरलं. कुत्र्याच्या तयार रिगवर (मॉडेलला हलवणाऱ्या आतल्या सांगाड्यावर) तरसाची कातडी चढवली तर आत कुत्रंच राहणार, हे कळायला तीन बिल्ड लागले. मागचे पाय आखूड केले, खांदे उचलले, मान जाड केली, पाठ उतरती केली आणि मग दोन रात्री कीफ्रेम (हालचालीतल्या ठरावीक पोझ) सरकवत बसले. आता ते झुलत दुडकतं आणि बघता बघता बरंच अंतर कापतं. (तरस कुत्र्याच्या गोतातलं नाहीच. मांजर, मुंगूस, जवादी मांजर यांच्या बाजूचं आहे. मलाही हे गेम करायला घेईपर्यंत माहीत नव्हतं.)

मॉडेल सुटलं आणि आवाजात अडकले.

गेममधलं तरस हसतं कधी? आपल्याला घेरल्यावर. खिदळणं ऐकू आलं की आता लचका तोडणार, असं इतक्या गेमनी शिकवलंय की आपण विचारही करत नाही. खऱ्या ठिपकेदार तरसाची ती खिदळी त्याची कोंडी झाल्यावर निघते. शिकारीला तोंड लावू देत नाहीत, वरच्या दर्जाची मादी हुसकावते, मागे सिंह लागलाय, असा प्रसंग असतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ठेवलेल्या तरसांच्या या आवाजावरचा अभ्यास 2010 मध्ये छापून आला. त्यात पट्टीवरून वयाचा आणि स्वरातल्या चढउतारावरून दर्जाचा अंदाज येतो, असं दिसलं. म्हणजे आपण ज्याला हसू म्हणतो ती नाव-गाव सांगून केलेली कुरकुर आहे.

मग ट्रिगर उलटा केला. 'हल्ला' स्टेटला (तरस त्या क्षणी काय करतंय ती अवस्था) लावलेली खिदळण्याची क्लिप काढून 'माघार' आणि 'अडवलं' या दोन स्टेटना लावली. हल्ला आता मुका. लांबून येणारी, खालून वर चढत जाणारी हाक वेगळी ठेवली. ती काही किलोमीटरवर पोहोचते आणि टोळीला गोळा करते.

प्लेटेस्टला भाच्याला बसवलं. झुडपाआड तरस खिदळलं आणि पठ्ठ्याने लगेच भाला उपसला. "मावशी, हसतंय बघ, आता उडी मारणार!" तरस बिचारं पळत होतं. त्याने पाठीत भाला घातला आणि वर मला सांगितलं, "एआय गंडलंय तुझं, उलट्या दिशेला जातंय."

आवाज बरोबर, वागणं बरोबर, तरी खेळणारा चुकला. चूक त्याची नाही. त्याच्या कानात आधीच दुसरे गेम बसलेत. उपाय म्हणून सुरुवातीला एक प्रसंग टाकला, त्यात खेळणाऱ्याला काहीच करायचं नसतं. मेलेल्या विल्डबीस्टजवळ (आफ्रिकेतलं मोठं हरीण) धाकटा नर येतो, मोठी मादी मान वळवते, नर शेपूट पोटाखाली घेऊन खिदळत मागे सरतो. अकरा सेकंद. दुसऱ्या फेरीत भाच्याने भाला खाली ठेवला. पाच जणांकडून खेळून घेतलं, तिघांना कळलं. दोघांनी स्किप दाबलं, त्यांना मी काय करू?

मध्येच पोकेमॉनमधल्या तरसांबद्दल, कारण मागे एकाने विचारलं होतं. पूचिएना आणि मायटिएना हे तरसासारखे दोन पोकेमॉन 2002 च्या रुबी-सॅफायर या गेममधले, दोघेही डार्क प्रकाराचे. जपानीत त्या प्रकाराचं नावच 'दुष्ट'. पूचिएना पळत्याच्या मागे लागतो आणि सावज उलटलं की शेपूट घालतो. हा जुनाच भेकड तरसाचा शिक्का. पण मायटिएनाच्या नोंदीत कळपाची शिस्त आणि म्होरक्याचा शब्द पाळणं आहे, आणि ते मला पटतं. 'आर्क' या गेममधला हायनोडॉन इथे धरू नका. ते तरस नव्हे, नावाचा अर्थ 'तरसाचे दात' एवढाच. तरी दबकत जाऊन कुरवाळत माणसाळवायची त्याची पद्धत मी उचलणार आहे, लाज न बाळगता.

आता या बिल्डमधला माझा लाडका भाग. प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी 1960 च्या दशकात टांझानियातल्या सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरोत रात्री जागून तरसांवर नजर ठेवली, तेव्हा चित्र पालटलं. सकाळी गेलेल्याला सिंह खाताना आणि भोवती तरसं ताटकळताना दिसायची, म्हणून तरस उष्ट्यावर जगतं असा समज. प्रत्यक्षात रात्री शिकार बऱ्याचदा तरसांनीच केलेली असायची आणि आयत्या बिळावर नागोबा झालेला असायचा सिंह. हे मी जसंच्या तसं गेममधल्या घड्याळावर बसवलं. सकाळी सहाला पोहोचलात तर नेहमीचंच दृश्य. रात्री झाडावर थांबलात तर पाठलाग, शिकार आणि मग सिंहाची एंट्री. गेम कुठेही खुलासा करत नाही.

हिसकावलेली शिकार परत मिळवायचं गणितही घातलंय. बोत्स्वानातल्या चोबे अभयारण्यात दिसलं तसं, मोठा नर सिंह नसेल आणि तरसं सिंहिणींच्या साधारण चौपट असतील तर सिंहिणी हटतात. व्हेरिएबलची किंमत 4, आणि नर असला की अट बाद. सध्या एक बग आहे. हटलेली सिंहीण बाभळीत अडकते आणि जागच्या जागी गोल फिरते.

टोळीची म्होरकी आता मादी आहे, आकाराने थोडी मोठी. दर्जा आईकडून लेकीला जातो आणि बाहेरून आलेले नर सगळ्यात खाली. आधी बॉस म्हणून भलामोठा नर केला होता, तो फोल्डर पुसून टाकला. वाईट वाटलं, दात सुरेख जमले होते.

शेवटचं, लेंड्या. तरस हाडं चावून पचवतं, त्यातल्या कॅल्शियममुळे विष्ठा वाळली की खडूसारखी पांढरी होते. माग काढायला खूण म्हणून त्या नकाशावर पेरल्या. भाच्याला त्या मौल्यवान वाटल्या. एका तासात सतरा गोळा करून त्याने झोळी भरली आणि व्यापाऱ्याकडे विकायला गेला. व्यापाऱ्याच्या स्क्रिप्टमध्ये नकार लिहिलेलाच नव्हता, त्यामुळे त्याने त्या विकतही घेतल्या. बिल्ड 10 ची सुरुवात तिथून.