खाली सरकलेली बेंडकुळी

मामांनी सदऱ्याची बाही वर सारून उजवा दंड वाकवला. बेंडकुळी वर फुगायच्या ऐवजी कोपराजवळ गोळा होऊन बसली होती. दंड हिरवा-पिवळा झालेला. साकळलेलं रक्त किती नि हळदीचा लेप किती, ते पुसून पाहावं लागलं. सांगलीच्या मार्केट यार्डातले हमाल, वय 58. घरात दुसरं औषध कुठलं असणार!

"आकड्यानं पोतं ओढलं नि खांद्यात काडकन वाजलं. शीर तुटली का हो मॅडम?"

तुटली होतीच, पण कुठे? कोपर काटकोनात ठेवून बाहेरच्या बाजूनं बोट अडकवलं. खालची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा पट्टा, दोरीसारखी ताठ लागली, तेव्हा जीव भांड्यात पडला. ती तुटली असती तर त्याच दिवशी सर्जनकडे धाडलं असतं. बेंडकुळीचा हा स्नायू वर खांद्याला दोन कंडरांनी धरलेला असतो. मामांची लांब कंडरा तुटली होती, आखूड शाबूत होती.

मग ते सहज बोलून गेले, "वर्षभर रात्री त्या कुशीवर पडता येत नव्हतं. तुटल्यापासनं झोप लागतीय बघा."

इथे मी थांबले. झिजत आलेली लांब कंडरा तुटली की तिचं दुखणं बऱ्याचदा थांबतं. पण ती बहुधा एकटी झिजत नाही. हात बाजूनं वर धरायला लावून वरून दाबला, तर टिकेना. सोनोग्राफीत खांद्याच्या माथ्यावरच्या कंडरेतही अर्धवट फाट निघाली. गोळ्याकडेच बघत बसले असते तर ती हुकली असती.

सर्जननी सांगितलं, तुटलेलं टोक दंडाच्या हाडाला बसवता येईल, पण काही आठवड्यांतच. पुढे स्नायू आखडतो. नंतर तीन-चार महिने ओझं बंद. हातावर पोट असलेला माणूस, नको म्हणाले. मलाही ते पटलं. ऑपरेशन नाही केलं तरी कोपर वाकवायचं बळ फारसं जात नाही, तळहात वर फिरवायचं मात्र काहीसं जातं. आकडा मारायला नेमकं तेच लागतं.

म्हणून अर्ध्या किलोची हातोडी दिली. दांड्याच्या टोकाला धरून सावकाश फिरवायची, शिवाय खांद्यासाठी रबरी पट्टा. दीड महिना ओझं बंद, हे मात्र भांडून कबूल करून घेतलं.

तीन महिन्यांनी आले, तेव्हा पिशवीत आकडा होता. गोळा तिथेच होता. आकडा डाव्या हातात धरून, उजवा पोत्याखाली कसा घालतात ते त्यांनी माझ्या टेबलावरच्या उशीवर करून दाखवलं.