तल्लीन म्हणे!

रविवार, रात्र

सकाळचे फोटो ग्रुपवर पडले. त्यात एक माझा. म्हणजे मी काढलेला नव्हे, मीच आहे त्यात.

सोलापुरातल्या सिद्धेश्वर तळ्याचा काठ, मागे किल्ल्याची भिंत. कॅमेरा डोळ्याला, गुडघे दुमडलेले, आणि तोंड उघडं. माशी आत जाऊन निवांत बाहेर येईल एवढं. खाली कुणीतरी लिहिलंय, 'वा ताई, तल्लीन!' तल्लीन कसलं डोंबलाचं.

जेवणं झाल्यावर मोठा करून बघत बसले. केसांची पांढरी मुळं, सुटलेली पाठ, ते चालतंय. पन्नाशीनंतर त्याचं काही वाटून घ्यायचं नाही हे ठरलंय. पण तोंड? इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही?

सवय मागाच्या शेडमधली असणार. तिथे उजेड बेताचा. शटर 1/30 सेकंदावर आणलं की आडवा धागा नेणारा धोटा पुसट धावतो, मागापाशी उभा माणूस तेवढा ठळक राहतो. पण हात हलून चालत नाही, म्हणून श्वास अर्धा सोडून थांबायचं. तेव्हाच जबडा खाली येत असेल. आता लख्ख उन्हातही येतो.

बोचतंय ते वेगळंच. पूर्व भागातल्या विडीवाल्या अक्कांचे माझे फोटो. मांडीवर सूप, बोटांत पान, आणि चेहऱ्यावर असं हसू की सगळे विचारतात, तुमच्यासमोर बायका इतक्या मोकळ्या कशा होतात? मी काय काय सांगत आले! आधी बसा, बोला, कॅमेरा पिशवीतच राहू द्या, त्यांना विड्या पुऱ्या करायची घाई असेल तर गुमान परत या. गड्ड्याच्या जत्रेत नव्या पोरांना तर व्याख्यानच दिलं, नंदीध्वजाच्या मिरवणुकीतल्या गर्दीत नुसतं घुसायचं नाही, आधी तिथलं व्हायचं, वगैरे वगैरे.

आज ते सगळे फोटो उघडले. नजर भिंगाकडे नाहीच कुणाची. जराशी खाली आहे. बरोब्बर तोंडावर! तेलुगूत एकमेकींना काहीतरी म्हणायच्या आणि फिस्सकन हसायच्या. मला वाटायचं, लाजतायत.

घ्या.

आधी रडूच यायला लागलं. मग एकटीच हसत सुटले, आतून ह्यांनी विचारलं, काय झालं गं? काय सांगणार! कॅमेऱ्यामागे आपण कुणाला दिसत नाही असं धरून चालले होते. होते की तिथेच, सगळ्यांसमोर, आ वासून.

आईला दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. "अण्णा पण असंच करायचे की, तुटलेला धागा जोडताना." मिलमधला त्यांचा एकही फोटो… जाऊ दे.

दिवाळीनंतरच्या प्रदर्शनात हा लावू का, अशी विचारणा आलीय. म्हटलं लावा, अक्कांच्या शेजारीच लावा, त्या कशाला हसतायत ते तरी लोकांना कळेल. खाली 'फार मोठा करू नका' असंही लिहिलं, आणि लगेच पुसलं. तेवढ्यात कुणी वाचलं असेल का, काय की.