बिवळ्याच्या पेल्याचं बूड

रविवार, रात्री साडेदहा

आज पेल्याच्या बुडाला लागलो. तळहाताला फोड आलाय, बोटं पिवळट झालीत, पण झोप येत नाही म्हणून लिहितोय.

लाकूड बिवळ्याचं. कुणी बिबळा म्हणतं, वैद्य विजयसार म्हणतात. मामाचं जुनं घर उतरवलं तेव्हा पडवीच्या खांबाचा वीतभर तुकडा मागून आणला होता. आईला बारा वर्षं मधुमेह आहे. यात्रेत मिळतो तसा याच लाकडाचा लेथवरचा पेला तिच्याकडे होता. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी उठल्यावर प्यायचं. गोळ्या चालूच. डॉक्टरांनी बजावलंय की पाणी प्या हवं तर, पण गोळी चुकवायची नाही. मागच्या पावसाळ्यात तो पेला उभा चिरला. नवा विकत मिळाला असता, पण तिच्या माहेरच्या खांबाचा पेला तिच्या हातात द्यायचा हे मनाने घेतलं ते घेतलंच.

जुन्या तेलरंगाचा थर तासून टाकला. बाहेरचा आकार वाकसाने दोन संध्याकाळींत आला. कोरण्याचा मात्र हा तिसरा रविवार. मधोमध गिरमिटाने भोक पाडलं, खोली चुकू नये म्हणून पात्याला चिकटपट्टी लावली, भोवती भोकांचं कडं केलं आणि आतला भाग गोल तोंडाच्या पटाशीने काढत गेलो. लाकडाच्या रेषा तोंडाकडून बुडाकडे उभ्या जातात. त्यामुळे भिंतीची ढलपी झटकन सुटते, इतकी झटकन की धाकच वाटतो. मोगरीचा एक घाव जास्त बसला तर चीर थेट खालपर्यंत. बुडाचं उलटं. तिथे रेषांची टोकं वर आलेली, आणि इतक्या वर्षांचं वाळलेलं लाकूड हाडासारखं. पटाशी दर दहा मिनिटांनी दगडावर घासली नाही तर ती कापत नाही, नुसती चिरडते.

दुपारी सुतारकाका येऊन बघून गेले. पेला उलटा करून बुडावर टिचकी मारली.

"बुडाला किती ठेवणार?"

"सहा-सात मिलिमीटर. हलका होईल."

"नको रे बाबा. या रेषा म्हणजे नळ्या. झाड यांतूनच पाणी वर न्यायचं. बूड पातळ केलंस तर तुझं पाणी पाझरून खाली येईल."

मग पेल्याच्या बुडाशी डोळा नेऊन बघितलं. खरंच, सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं, नुसत्या डोळ्यांनी दिसणारी. इतके दिवस हातात धरतोय आणि नीट पाहिलंच नव्हतं. तोंडावर पट्टी आडवी ठेवून पेन्सिल आत सोडली, माप घेतलं. पंधरा मिलिमीटर शिल्लक होते. तिथेच थांबलो. आतून फक्त पॉलिश पेपर मारला. तेल, व्हार्निश काही नाही, लाकडाला पाणी लागायला हवं. पहिलं पाणी टाकून दिलं, दुसरं भरून पेला वर्तमानपत्रावर ठेवलाय.

सोमवार, सकाळी

कागद कोरडा. एका कडेला करंगळीच्या नखाएवढा ओलावा आहे, तोही बहुधा भरताना सांडलेला.

पाणी फिक्या चहाच्या रंगाचं झालंय. काचेच्या ग्लासात ओतून उन्हात धरलं, मागे काळी छत्री. बाजूने बघितलं तर कडेला निळं! शाईचा थेंब पडावा तसं, आणि सावलीत नेलं की पुन्हा चहा. लाकडाचा पाण्यात उतरलेला अंश उन्हातला प्रकाश शोषतो आणि निळा करून परत देतो, प्रतिदीप्ती म्हणतात ती हीच. 1565 मध्ये स्पेनमधल्या सेव्हिलच्या निकोलास मोनार्देस या वैद्याने मेक्सिकोहून येणाऱ्या एका लाकडाच्या पाण्यात अशीच निळी झाक नोंदवली होती. ते झाड वेगळं. पण पुढे युरोपात या निळाईसाठी गाजलेले पेले फिलिपिन्सच्या नारा लाकडाचे असल्याचं विल्यम सॅफर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1915 मध्ये दाखवलं, आणि नारा आपल्या बिवळ्याचा भाऊच, दोघांचा वंश टेरोकार्पस. राजेरजवाड्यांना नवल वाटलेली गोष्ट मामाच्या पडवीत छप्पर धरून उभी होती.

आईने निळं बघितलं, हसली. मग पेला दोन्ही हातांत धरून बराच वेळ फिरवत बसली.

"कुठला खांब रे? तुळशीकडचा?"

"हो."

"त्यालाच टेकून मी वेणी घालून घ्यायची," म्हणाली, आणि पाणी प्यायली.