धक्का नेमका कुठला?

रायफलचा धक्का मऊ करायचाय असं म्हटलं की पहिला सल्ला काहीतरी विकत घेण्याचाच मिळतो. कुणी म्हणतं नळीच्या तोंडाला ब्रेक बसव, कुणी म्हणतं जड बफर (मागच्या स्प्रिंगसमोरचं वजन) टाक, तर कुणी हलका बोल्ट कॅरियर (काडतूस भरायला मागेपुढे सरकणारा भाग) सुचवतं. यातले शेवटचे दोन सल्ले एकमेकांच्या उलट आहेत, आणि गंमत म्हणजे देणारे दोघंही स्वतःच्या रायफलपुरते बरोबर असतात. माझं शिक्षण मेकॅनिकलचं, नोकरी यंत्रांची थरथर मोजण्याची. त्यामुळे पाकीट उघडण्याआधी मला एकच प्रश्न पडला: धक्का धक्का म्हणतोय तो नक्की कुठला?

माझी रायफल एआर-15 धाटणीची, .223 काडतुसाची, सोळा इंची नळीची. सुटे भाग जुळवून केलेली, आणि फक्त स्पर्धेसाठी. आधी साधा हिशेब केला. 55 ग्रेनची गोळी म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम. नळीतून ती सेकंदाला नऊशे मीटरच्या वर वेगाने सुटते. तिच्यामागे दीड-पावणेदोन ग्रॅम दारूचा वायू होतो, आणि तोंडाशी तो गोळीपेक्षाही जोरात बाहेर पडतो. गोळी आणि वायू यांचा संवेग मिळून रायफल मागे ढकलली जाते. यात वायूचा वाटा एक तृतीयांशाच्या पुढे जातो. सव्वातीन किलोच्या रायफलला यातून सेकंदाला पावणेदोन मीटरच्या आसपास वेग मिळतो, ऊर्जा जेमतेम साडेचार-पाच ज्यूल. .308 या मोठ्या काडतुसाच्या तुलनेत हे काहीच नाही. खांदा दुखायचं कारणच नाही. दुखतही नव्हता.

मग तक्रार काय होती? रेड डॉटमधला, म्हणजे नेम धरायच्या काचेतला, ठिपका. चाप ओढला की तो वर उडायचा, परत यायचा, पुन्हा खाली डुबकी मारायचा आणि मग कुठे स्थिरावायचा. दुसरी गोळी झाडायला मी त्याची वाट बघत बसायचे. स्पर्धेत ही वाट बघणं म्हणजे थेट हरणं.

फोन तिवईवर लावून बाजूने 240 फ्रेमचा स्लो मोशन काढला. एक फ्रेम म्हणजे चार मिलिसेकंद. या जातीच्या लष्करी रायफली मिनिटाला सातशे ते साडेनऊशे गोळ्यांच्या वेगाने चालतात. म्हणजे एका गोळीचं सगळं रामायण पासष्ट ते पंच्याऐंशी मिलिसेकंदांत उरकतं, फोनच्या हिशेबाने पंधरा-वीस फ्रेम. तेवढ्यात तीन वेगवेगळे धक्के स्वच्छ दिसतात. पहिल्या फ्रेममध्ये तोंडाशी धूर आणि रायफल मागे, हा गोळीचा आणि वायूचा. मग बोल्ट कॅरियर बफरला घेऊन मागे जातो आणि नळकांड्याच्या तळाशी थाडकन आपटतो, हा दुसरा. स्प्रिंग त्याला पुढे फेकते, तो नवीन काडतूस घेऊन बंद होतो आणि नळीचं तोंड खाली झुकतं, हा तिसरा. खांद्याला मात्र हे सगळं मिळून एकच ढुशी वाटते.

माझ्या रायफलचा दुसरा धक्का नको तितका मोठा होता. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्याही पुढच्या दिशेला, घड्याळाच्या एक-दोनच्या काट्याकडे उडत होत्या. दोन्ही खुणा सांगत होत्या की गॅस, म्हणजे कॅरियर मागे ढकलायला नळीतून घेतला जाणारा वायू, जास्त आहे.

याचं कारण रचनेतच आहे. यूजीन स्टोनरने 1950च्या दशकात ही रचना केली, तेव्हा नळी वीस इंची होती आणि गॅस घेण्याचं भोक चेंबरपासून (काडतूस बसतं त्या जागेपासून) बरंच लांब. पुढे नळ्या आखूड झाल्या तसं भोकही मागे सरकलं. कार्बाइन लांबीच्या गॅस सिस्टममध्ये ते साधारण सात इंचांवर असतं, मिडलेंथमध्ये नऊवर, रायफल लांबीत बारा-तेरावर. चेंबरच्या जितकं जवळ, तितका दाब जास्त. त्यात सोळा इंची नळीला कार्बाइन गॅस लावला की भोक ओलांडल्यावरही गोळी नळीत बराच वेळ असते आणि तोवर गॅस येतच राहतो. शिवाय बनवणारे भोकही थोडं मोठंच पाडतात, कारण हलकी काडतुसं, थंडी, घाण, काहीही झालं तरी रायफल अडकल्याची तक्रार येऊ नये. त्यांचं चुकत नाही. पण त्या निर्धास्तपणाची किंमत ठिपका मोजतो.

आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी क्लिप पाहिली. म्हणाले, “ताई, एवढं काय करायचंय? H2 बफर टाका, शांत होईल.”

“काका, नळ उघडा ठेवून बादली मोठी आणल्यासारखं होईल ते,” मी म्हटलं.

काका हसले, पण त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. साधा कार्बाइन बफर तीन औंसांचा, म्हणजे पंच्याऐंशी ग्रॅम. त्यात तीन पोलादी वजनं असतात. एकाच्या जागी टंगस्टन घातलं की H, दोघांच्या जागी H2, तिन्हींच्या जागी H3, आणि हा शेवटचा साधारण दीडशे ग्रॅमवर जातो. वजनं आत किंचित सरकती असतात, त्यामुळे बोल्ट बंद होताना उसळत नाही. जड बफरने कॅरियरचा वेग उतरतो, मागचा आपट सौम्य होतो. पण तेच वजन स्प्रिंग पुढे फेकते तेव्हा तोंडाची डुबकी वाढते. दुसरा धक्का घटवताना तिसरा वाढवून ठेवायचा, असा तो सौदा. ज्याला रायफल कुठल्याही परिस्थितीत चालायला हवी, त्याने तो खुशाल करावा. मला तो नको होता.

मी अॅडजस्टेबल गॅस ब्लॉक घेतला. त्याच्या स्क्रूने गॅसची वाट अरुंद करता येते. पद्धत सोपी, फक्त चिकाटी लागते. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरायचं आणि झाडायचं. रिकाम्या मॅगझिनवर बोल्ट मागे अडकून उभा राहिला तर गॅस पुरेसा आहे. नसेल तर एक क्लिक उघडायचा. अगदी बंदपासून सुरुवात करून वर येत जायचं. बोल्ट पहिल्यांदा अडकतो ती जागा सापडली की तिथे थांबायचं नाही, आणखी दोन-तीन क्लिक उघडून ठेवायचे. स्वच्छ, तेल घातलेल्या रायफलीवर शोधलेली ती कडेलोटाची जागा असते, घाणेरड्या रायफलीवर ती सरकते. आणि हे सगळं ज्या काडतुसांनी स्पर्धा खेळायची त्यांनीच करायचं. दुसऱ्या काडतुसांवर केलेली सेटिंग म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा. (ब्लॉकला हात लावण्याआधी चेंबर रिकामा आहे हे डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा. आणि तो तापलेला असताना धरू नका, बोटाची कातडी तिथेच राहते.)

पुंगळ्या आता तीन-चारच्या काट्याकडे पडायला लागल्या. पण पुंगळीच्या दिशेला वेदवाक्य मानणाऱ्यांपैकी मी नाही. पुंगळी बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरची स्प्रिंग बदलली, ती चेंबरमधून ओढणारा एक्स्ट्रॅक्टर झिजला, तरी ती दिशा बदलते. बोल्ट अडकतो की नाही ही चाचणी जास्त प्रामाणिक.

यानंतर हलका कॅरियर. साधा कॅरियर बोल्टसकट सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास असतो, स्पर्धेवाल्यांचे त्याहून बरेच हलके. गॅस आधी कमी केल्याशिवाय हलका कॅरियर टाकला तर तो बंदुकीतच गोळीसारखा धावतो आणि आपट वाढतो. गॅस कमी केल्यावर टाकला तर मागेपुढे करणारं वजनच कमी होतं आणि डुबकी जवळपास नाहीशी होते. पुन्हा सौदाच: चुकीला जागा उरत नाही. काडतूस थोडं कमजोर निघालं की रायफल रुसते. स्पर्धेत मला ते चालतं. जीव ज्याच्यावर अवलंबून आहे अशा रायफलीला मी हे कधीच करणार नाही.

ब्रेकबद्दल मात्र माझं मत बदलत नाही. बाकी सगळे उपाय धक्क्याची वाटणी करतात, काही तो जास्त वेळावर पसरवतात, काही इकडचं तिकडे ढकलतात. रायफलला मिळणारा एकूण संवेग खरोखर कमी करतो तो एकटा ब्रेक, कारण तोंडातून सुटणारा वायू तो बाजूला आणि थोडा मागे वळवतो. वरच्या बाजूला भोकं असतील तर तोंड खालीही दाबलं जातं. इथे अति करू नये. माझ्या ब्रेकने ठिपका खाली पाडायला सुरुवात केली, तेव्हा वरची भोकं लहान असलेला दुसरा लावला. आता ठिपका वर एक छोटी उडी मारतो आणि जिथून निघाला तिथेच उतरतो. मला मऊपणा नको होता, हे हवं होतं. खांद्याला किती लागतं यावर रायफल जोखणाऱ्यांनी एकदा ठिपका बघून जोखावी.

उभं राहण्याबद्दल थोडक्यात: वजन पायांच्या पुढच्या भागावर, दस्ता मानेच्या जवळ आणि खांद्याच्या खोबणीत पक्का. तिरकी उभी राहिले की ठिपका उजवीकडे पळतो, समोर छाती करून उभी राहिले की सरळ वर जाऊन सरळ येतो. हे फुकट आहे म्हणून कुणी सांगत नाही.

ब्रेकची किंमत शेजारी मोजतो. अशा रायफलचा आवाज तसाही दीडशे डेसिबलच्या वर असतो, ब्रेक तो बाजूला फेकतो. मी कानात बोळे आणि वर मफ असं दोन्ही घालते आणि शेजारच्यालाही घालायला लावते. काकांना रायफल चालवायला दिली. ठिपका जागेवर उतरताना पाहून ते खूश झाले. मग त्यांनी शेजारच्या लेनमध्ये उभं राहून मला चालवताना पाहिलं आणि म्हणाले, “ताई, छानच झालीय, पण पुढच्या वेळी माझ्यापासून दोन लेन सोडून उभ्या राहा.”